अकाउंटन्सीत पीएच.डी. करताय? आधी सोसायटीची कीर्द उघडा आणि या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सेवा सोसायटीच्या, म्हणजे गावातल्या कास्तकारांना (शेतकऱ्यांना) पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या खोलीत मी आठवडाभर वह्या उतरवत बसलो होतो. सिनॉप्सिसमधलं (संशोधनाच्या आराखड्यातलं) गृहीतक पाठ होतं: संगणकीकरणामुळे कर्जवसुलीत लक्षणीय वाढ झाली. सोसायटीत संगणक आला, त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१७-१८ ला, वसुलीचा आकडा टुणकन वर गेलेला. आलेख काढला, टी-टेस्ट ही संख्याशास्त्रीय चाचणी लावली, निकाल हवा तसा. मी खुशीत. सोसायटीचे हिशेब लिहिणाऱ्या गटसचिवांनी चष्मा कपाळावर सरकवून माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "सर, हे वसुली पाहून खूश नोका होऊ. कास्तकारानं नाही भरली जी, सरकारनं भरली."

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली आणि दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली, मर्यादा दोन लाख. दोन्ही वेळी सरकारचा पैसा सभासदाच्या कर्जखात्यात जमा झाला आणि सोसायटीच्या पत्रकात तो वसुली म्हणून चढला. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा अख्खा आराखडा गटसचिवांच्या त्या एका वाक्यात कोसळला. दोष गटसचिवांचा नव्हता, आकड्यांचाही नव्हता. मी वार्षिक अहवालातला एकूण आकडा उचलला होता, खतावणीतला (खातेनिहाय नोंदींच्या वहीतला) तपशिलाचा रकाना वाचलाच नव्हता.

गेली काही वर्षं वाणिज्य शाखेचे सिनॉप्सिस वाचतो आहे. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचं घोडं बहुतेक वेळा अशाच ठिकाणी पेंड खातं. संख्याशास्त्र नंतर शिकता येतं, एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर चालवून देणारेही मिळतात. वहीतली नोंद कशी पडते हे मात्र विद्यापीठाच्या गेटसमोरचा टायपिंगवाला सांगू शकत नाही.

वसुली म्हटलं की तीन गोष्टी वेगळ्या करा

सोसायटीच्या वसुलीत तीन प्रकारचा पैसा असतो. एक, सभासदानं कापूस-तूर विकून खरोखर भरलेला. दोन, कर्जमाफीचा. तीन, नवं-जुनं. हा तिसरा प्रकार पुस्तकात सापडत नाही, पण गावात शेंबडं पोरही सांगेल. मुदतीत, बहुधा मार्चअखेरपर्यंत, परतफेड झाली तरच डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो, आणि २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंत पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य पडतं. मग कास्तकार मार्चअखेर कुणाकडून तरी हातउसने आणून खातं बंद करतो आणि एप्रिलमध्ये नवं कर्ज उचलून ते परत करतो. कुठे कुठे तर रोकड हलतही नाही, नुसता जमाखर्च होतो. कागदावर वसुली चोख, घरात कर्ज तेवढंच.

समजा एका सोसायटीची मागणी, म्हणजे त्या वर्षी वसूल व्हायची रक्कम, १०० रुपये आणि वसुली ८० रुपये आहे. त्यातले ३५ कर्जमाफीचे आणि ३० नवं-जुनंचे असतील, तर कास्तकाराच्या खिशातून आलेले १५ उरतात. ८० टक्के वसुली म्हणून लिहिलेला प्रबंध आणि १५ रुपयांवर लिहिलेला प्रबंध यांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट जातील. उपाय किचकट नाही, वेळखाऊ आहे. नमुना म्हणून निवडलेल्या सभासदांची खाती उघडून मार्च आणि एप्रिलच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या. मला नऊ सोसायट्यांसाठी सात महिने लागले. दहा वर्षांची मालिका घेणार असाल, तर २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांना वेगळी खूण करा. त्यात मार्च ते ऑगस्ट २०२० चा कोरोनाकाळातला हप्तेसवलतीचा काळही येतो, त्यामुळे बँकांच्या अनुत्पादक कर्जांचे त्या वर्षाचे आकडे तसेच्या तसे वापरू नका.

लागूच नसलेल्या मानकावर विषय

"इंड-एएसचा शेतकरी उत्पादक कंपन्यांवरील परिणाम." असा विषय आला की मी पेन खाली ठेवतो. इंड-एएस म्हणजे भारतीय लेखा मानकं. ही मानकं कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि असूचीबद्ध (शेअर बाजारात नोंद नसलेल्या) कंपनीसाठी निव्वळ संपत्तीची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वाशीम किंवा वणीकडच्या, सोयाबीन साफ करून विकणाऱ्या उत्पादक कंपनीचा या आकड्याशी काय संबंध? बँकांचंही तेच: २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांसाठीसुद्धा इंड-एएसची अंमलबजावणी पुढे ढकलली. तेव्हा "जिल्हा बँकेच्या ताळेबंदावर इंड-एएसचा परिणाम" शोधायला गेलात, तर शोधायला काही नाहीच.

विषय कुठून येतात हे मला माहीत आहे. महानगरातल्या एखाद्या प्रबंधाचं शीर्षक शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून उचलायचं आणि 'मुंबई'च्या जागी 'दारव्हा तालुका' लिहायचं. त्यापेक्षा सोसायटीच्या नमुना एनमधल्या (सहकारी संस्थांसाठी ठरवून दिलेल्या नमुन्यातल्या) ताळेबंदावर बसा. तिथे चालू गुणोत्तर काढून काही हाती लागत नाही. खरा प्रश्न अनिष्ट तफावतीचा असतो: सोसायटी जिल्हा बँकेला जे देणं लागते ते सभासदांकडून येणं असलेल्या कर्जापेक्षा जास्त का? ही फूट कोणत्या वर्षी पडली, व्याजाच्या आकारणीत पडली की अपहारात, हे एका तालुक्यापुरतं जरी नीट उलगडलं तरी पीएच.डी. होते. कंपनीच्या पाठ्यपुस्तकातली पंधरा गुणोत्तरं टाकून भरलेल्या प्रकरणांत अनिष्ट तफावत हा शब्दही नसतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

ग्रामपंचायतीवर काम करणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तिथे हिशेब रोखीवर चालतो. नमुना ८ मध्ये कराची आकारणी, नमुना ९ मध्ये कराची मागणी. नफा-तोटा, भांडवलावरचा परतावा असली भाषा तिथे आणू नका.

माहिती मिळेल असं गृहीत धरणं

एका मुलीनं आधी विषय मंजूर करून घेतला, मग वीस सोसायट्यांना माहिती अधिकाराचे अर्ज टाकले. सगळीकडून एकच उत्तर: आम्हाला कायदा लागू नाही. ते खरंही होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच थलप्पलम प्रकरणात सांगितलं आहे, की सरकारचं मालकी, नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य नसलेली सहकारी संस्था त्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. निबंधक मात्र ठरतो. म्हणून अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करायचा आणि त्यांच्याकडे जमा असलेले लेखापरीक्षण अहवाल मागायचे. सोबत दोषदुरुस्ती अहवालही मागा. संस्थेला लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळाला की 'ब', याच्यावर प्रबंध उभा करू नका. लेखापरीक्षकानं काय काय दोष लिहिले आणि पुढच्या वर्षी तेच दोष शब्दशः कसे परत आले, हे त्या कागदांत दिसतं.

आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, जाण्याआधी निदान दोन संस्थांची पाच वर्षांची वही डोळ्यांनी पाहिलेली असावी. वाळवीनं खाल्लेलं २०१४-१५ चं रजिस्टर आरआरसीनंतर सापडलं, तर कालखंड बदलायला पुन्हा अर्ज, पुन्हा बैठक, आणि त्यात सहा महिने जातात. मार्गदर्शकांच्या सहीचं आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाचं पत्र न्या. गटसचिवाकडे बहुधा तीन-चार सोसायट्या असतात, तेव्हा बाजाराचा वार कोणता हे विचारून जा. फोटो काढायला परवानगी मागा, आणि सभासदांची नावं झाकून घ्या.

प्रश्नावली

नमुन्यात किती लोक घ्यायचे यासाठी ३८४ हा आकडा मी इतक्या सिनॉप्सिसमध्ये पाहिला आहे की त्याचा आता धसका बसलाय. तो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला, दहा लाखांच्या लोकसंख्येसाठीचा, आणि तोही यादृच्छिक नमुना घेतला तर. गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून आलेले ३८४ हे तुमच्याच मित्रांचे मित्र असतात. तुमच्या तालुक्यात सोसायट्या ६० असतील तर साठही तपासता येतात, नमुन्याची गरजच काय?

गावात पाच पर्यायांची मोजपट्टी वाचून दाखवली की कास्तकार "बरं हाय" म्हणतो आणि तुम्ही 'सहमत'वर खूण करता. त्याऐवजी रक्कम विचारा, तारीख विचारा, पासबुक दाखवायला सांगा. आणि वेळ पाहून जा. जूनमध्ये पेरणी, नोव्हेंबरात कापूस वेचणी, तेव्हा तुमच्याशी बोलायला कोण थांबेल? मी मे महिन्यातल्या दुपारी गेलो होतो. लोक घरी सापडले खरे, पण चौथ्या दिवशी मीच सलाईनवर होतो.

राहिलेल्या गोष्टी

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, त्यावर पुनर्नोंदणीनं दोन. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. शोधनिबंध छापण्याची सक्ती या नियमावलीत राहिलेली नाही, तरी आपल्या विद्यापीठाचा आदेश वाचा. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) वेळी तो निबंध तुमच्याच अंगाशी येतो. सीए झालेल्यांना वेगळं एम.कॉम. करावं लागत नाही, २०२१ पासून यूजीसी ती पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची मानते.

मराठीतून प्रबंध लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहा. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला रोमन अक्षरांचा चिवडा दिसते. मग शेवटच्या महिन्यात रूपांतर करताना जोडाक्षरं तुटतात, कोष्टकांतले आकडे इकडचे तिकडे होतात. माझ्या एका कोष्टकात 'येणे' आणि 'देणे' यांची अदलाबदल झाली होती. ती बाहेरच्या परीक्षकांनी व्हायवात काढली, आणि मी पुढची दहा मिनिटं अनिष्ट तफावत फळ्यावर मांडून दाखवत होतो. गटसचिवांच्या खोलीतली ती वही मी सोबत नेली नव्हती, पण मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो होता, तो दाखवून सुटलो.