तालुक्याच्या कॉलेजातून संशोधनाचा पैसा कसा आणायचा

दिवाळी झाली की आमच्या वर्गातली बाकं रिकामी होतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे आमचं कॉलेज. बीए भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला पटावर ६२ आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात समोर १९. "मॅडम, वावरात कापूस फुटून रायला, आता कालेजात कोन येईन?" असं एका पोरीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. पुढे त्याच वाक्यावर मला पहिलं अनुदान मिळालं. तेव्हापासून नवीन लागलेल्या कोणी "मॅडम, प्रोजेक्टला विषय काय घेऊ?" विचारलं, की मी आधी त्यांना हजेरीचं मस्टर उघडायला लावते.

त्याच्या आधीचा माझा अर्ज मात्र नापास झाला होता, आणि तो व्हायलाच हवा होता. शीर्षक होतं 'विदर्भातील ग्रामीण शिक्षणाच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास'. अंदाजपत्रकात लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरा. सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "कोणती गावं?" मला एकाही गावाचं नाव सांगता आलं नाही. दुसऱ्या वर्षी शीर्षक केलं 'कापूस वेचणीच्या हंगामातील महाविद्यालयीन अनुपस्थिती : दोन तालुक्यांतील २२ गावांचा अभ्यास'. सोबत पाच वर्षांच्या हजेरीचा महिनावार तक्ता जोडला. तो करायला एक रविवार लागला, पैसा एक लागला नाही. लेखात पुढे काय लिहिलंय ते विसरलात तरी चालेल, पण अर्ज लिहायच्या आधी असा एक तक्ता करा. हजेरीचा, नापासांचा, मध्येच कॉलेज सोडणाऱ्यांचा, कशाचाही.

आता कागद. योजनांच्या जाहिराती वाचत बसण्याआधी ऑफिसातलं कपाट उघडा. यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) कलमांखाली कॉलेजला मान्यता असल्याचं पत्र, नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचं प्रमाणपत्र, विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र, संस्थेचा पॅन, पीएफएमएसवरची, म्हणजे केंद्राच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या पोर्टलवरची बँक खात्याची नोंद. केंद्राचा पैसा मागायचा तर यातलं काही ना काही लागतंच, आणि नेमकं अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ते सापडत नाही. आमच्याकडे १२(बी)चं पत्र एका जुन्या प्राचार्यांच्या निरोपसमारंभाच्या फायलीत निघालं. सगळं स्कॅन करून एका पेनड्राइव्हमध्ये ठेवा आणि त्याची प्रत मोठ्या बाबूंकडे, म्हणजे हेडक्लार्ककडे द्या. मोठे बाबू हा तुमचा खरा सहसंशोधक. आमचे बाबू मला म्हणाले होते, "मॅडम, तुमचं संशोधन माहा जीव घेईन." पण हिशेबाची एकेक पावती त्यांनीच जपली. अहवालाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव सगळ्यात वर आहे.

पैसा कुठून येतो? पहिलं दार आपल्याच विद्यापीठाचं. विदर्भातली बहुतेक कॉलेजं नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीचं गोंडवाना या विद्यापीठांना जोडलेली. त्यांची परिपत्रकं कॉलेजच्या मेलवर येतात आणि बहुतेक ठिकाणी तिथंच कुजतात, म्हणून आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन मेल बघा. लहान रकमेवर आधी हात बसतो. पहिल्याच फटक्यात दिल्ली गाठायला जाऊ नका.

समाजशास्त्रं, भूगोल, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांसाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. ही १९६९ साली स्थापन झालेली दिल्लीची परिषद, तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत आहे. प्रकल्पाखेरीज चर्चासत्रं आणि संशोधनपद्धतीच्या कार्यशाळांनाही ती पैसे देते. विज्ञानवाल्यांना पैसा देणारं केंद्राचं पूर्वीचं मंडळ एसईआरबी आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या एएनआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात गेलंय. त्यांनी 'टेअर' नावाची योजना मुद्दाम राज्य विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या प्राध्यापकांसाठी काढली होती. तीन वर्षं, दरवर्षी ९० दिवस एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन काम करायचं, नोकरी आपल्याच कॉलेजात. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था किंवा पर्यावरणावर काम करणारी नीरी काही परदेश नाही. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात वाचा, मित्राने पाठवलेली जुनी पीडीएफ नाही. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांनाही असते, हे आमच्या स्टाफरूममध्ये कितीतरी जणांना पहिल्यांदा माझ्याकडूनच कळलं. गावांत काम करायचं असेल तर उन्नत भारत अभियान बघा. आयआयटी दिल्लीकडून समन्वय चालतो, कॉलेजने पाच गावं दत्तक घ्यायची असतात. गावं कागदावर दत्तक घेऊन ठेवलेली कॉलेजं पुष्कळ आहेत, तुमचं त्यात आहे का तेवढं विचारा.

अंदाजपत्रकात लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात जास्त फेकतात. माझं मंजूर झालेलं सांगते, एकूण ७५,००० रुपये. माहिती गोळा करणाऱ्या मुलांना रोज ५०० प्रमाणे ४० दिवसांचे २०,०००. प्रवास १५,०००. शिकवण्याच्या स्पर्शसाहित्याला, म्हणजे हाताने चाचपून शिकायच्या साहित्याला १२,०००. रेकॉर्डर आणि हेडफोन ९,०००. छपाई आणि झेरॉक्स ८,०००. किरकोळ ५,०००. सीएची तपासणी ३,००० आणि शेवटी गावात निष्कर्ष सांगायच्या सभेला ३,०००. प्रत्येक आकड्याखाली एका ओळीत कारण लिहिलं होतं. प्रवासासाठी गाडीभाडं न मागता एसटीचं तिकीट आणि एसटी न जाणाऱ्या नऊ गावांसाठी ऑटो असं वेगळं मांडलं. समितीने एक रुपया कापला नाही. लॅपटॉप मागितला असता तर तोच पहिला उडाला असता.

माहिती देणाऱ्यांकडून घ्यायच्या संमतीपत्रकाचं एक वेगळं सांगायचं आहे. आम्ही ते मराठीत छापलं आणि झरी-जामणीकडच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर गेलो, तेव्हा पहिल्याच घरी लक्षात आलं की बाई मान हलवतेय ती पाहुण्यांच्या भिडेने. आमच्याच तिसऱ्या वर्षाच्या कोलाम मुलाला सोबत घेतलं, त्याने ते कोलामीत समजावून सांगितलं, तेव्हा तीन घरांनी स्वच्छ नकार दिला. नकार आला म्हणजे पत्रक समजलं. त्या मुलाचे दिवस इतरांसारखेच धरले आणि दुभाष्याचे वेगळे पैसे 'किरकोळ'मधून दिले. आज लिहिलं तर मी त्यासाठी अंदाजपत्रकात खर्चाचं स्वतंत्र शीर्षच ठेवीन.

आता अंदाजपत्रकातल्या त्या स्पर्शसाहित्याबद्दल. समावेशक अध्यापन हा शब्द आला की आमच्याकडे उत्तर ठरलेलं, "आपल्याकडे दिव्यांग विद्यार्थीच नाहीत." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारसुद्धा आहे. विदर्भातल्या कॉलेजात बसून सिकलसेलचा विद्यार्थी नाही म्हणायचं म्हणजे डोळे मिटूनच बोलायचं. मी वर्गात हात वर करायला लावला नाही. एक चिठ्ठी फिरवली, त्यावर एकच प्रश्न होता, 'कोणत्या गोष्टीमुळे तुम्हाला कॉलेज जड जातं?' तिघांनी सांधे दुखून आठ-आठ दिवस घरी पडून राहावं लागतं असं लिहिलं. एकाला फळा दिसत नव्हता. एका मुलीला भूगोलाचं प्रात्यक्षिक घ्यायचं होतं, पण ती जन्मापासून अंध, म्हणून प्रवेशाच्याच वेळी तिला दुसरा विषय सुचवण्यात आला होता. हे आकडे अर्जात घाला, नावं घालू नका. आजाराचं नाव आणि गाव एकत्र लिहिलं तरी तालुक्यात माणूस ओळखू येतो.

तिच्यासाठी आम्ही जिल्ह्याचा नकाशा हातांनी केला. जाड पुठ्ठा, त्यावर फेव्हिकॉलने सुतळी चिकटवून जिल्ह्याची हद्द. नद्यांना लोकर, वर्धेला जाड आणि पैनगंगेला तिच्याहून बारीक. तालुक्याच्या गावांना मोती, टिपेश्वरच्या जंगलाला पॉलिश पेपर, म्हणजे बोट लागताच खरखर लागावी. कापसाच्या पट्ट्याला वावरातलाच कापूस. पहिल्या नकाशात आम्ही सगळंच कोंबलं, तर तिला काही उमगेना. बोटाला एका वेळी तीन-चारच खुणा ओळखू येतात. मग चार वेगळे नकाशे केले, नद्या, जंगल, पिकं, रस्ते, आणि चारही पुठ्ठ्यांच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला खाच पाडली. पुठ्ठा सुलटा धरलाय की नाही ते खाचेवरून कळतं. चारही नकाशांचा खर्च २,००० च्या आत झाला.

बाकी बरंचसं फुकट आहे. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, मोफत आहे, मराठी वाचतं. आवाज यंत्रासारखा आहे, चार दिवसांत कान सरावतो. फक्त नोट्स युनिकोडमध्ये हव्यात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली ते गचाळ इंग्रजी अक्षरांसारखं वाचतं, त्यामुळे माझ्या दहा वर्षांच्या नोट्स नव्याने टाइप कराव्या लागल्या. वेचणीला गेलेल्या पोरांसाठी तास मोबाइलवर रेकॉर्ड करून बारा-बारा मिनिटांचे तुकडे पाठवले, कारण वावरात रेंज टेकडीवरच येते आणि मोठी फाइल उतरत नाही. पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज परीक्षा फॉर्मसोबतच द्या. आदल्या दिवशी धावपळ केली तर परीक्षा विभाग दाद देत नाही.

पैसा आल्यावर स्वतंत्र खातेवही. दोनशेच्या वरच्या प्रत्येक खर्चाला पावती, वस्तू आली की त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत नोंद, कोटेशनं एकाच हस्ताक्षरात नकोत. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, तपासनीस पहिल्यांदा तेच बघतो. मी एक चूक केली होती. हेडफोन कमी पडले म्हणून प्रवासाच्या शीर्षातले ४,२०० रुपये तिकडे वळवले, तोंडी विचारून. तपासणीत ते नामंजूर झाले आणि पगारातून भरावे लागले. शीर्ष बदलायचं तर आधी लेखी परवानगी, जावक क्रमांकासकट. उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या पैशाला जीएफआरच्या, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांच्या १२-ए नमुन्यात लागतं. सीएला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वेळ नसतो, त्याला फेब्रुवारीतच गाठा.

पुरस्कारांचं थोडक्यात. ट्रॉफीसाठी 'नोंदणी शुल्क' मागणारा मेल आला की तो मिटवा. नागपूरच्या हॉटेलात शाल-श्रीफळ घेऊन फोटो छापून आलेल्यांपैकी कोणाचंही मी नाव घेत नाही, पण कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या मुलाखतीत ते पत्र पुढे केलं की समितीतले एकमेकांकडे बघतात. बरा म्हणावा असा विद्यापीठाचा उत्कृष्ट शिक्षक पुरस्कार असतो, आणि राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार २०२३ पासून उच्च शिक्षणातल्या शिक्षकांनाही मिळू लागलाय. ५०,००० रुपये, रौप्यपदक, प्रमाणपत्र. वय ५५ च्या आत, किमान पाच वर्षांचं पूर्णवेळ अध्यापन हवं. प्राचार्यांना अर्ज करता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून शिफारस मिळवणं आपल्याकडे तसं सोपं जातं.

अर्जात दोनशे प्रमाणपत्रं स्कॅन करून टाकू नका. एक बदल निवडा आणि आधी काय होतं, नंतर काय झालं ते आकड्यांत सांगा. माझ्या विद्यापीठाच्या अर्जात नोव्हेंबरच्या हजेरीचे दोन वर्षांचे तक्ते होते, नकाशाचे दोन फोटो होते आणि विद्यार्थ्याचं मनोगत म्हणून त्या अंध मुलीने सांगितलेलं, लेखनिकाने उतरवून घेतलेलं एक पान होतं. ती वणीकडची, पैनगंगा वर्धेला मिळते त्या जुगादच्या जवळची. प्राचार्य म्हणाले, भाषा जरा सुधारून घ्या. मी ते होतं तसंच पाठवलं. शेवटची ओळ होती, "मॅडमनं नकाशा चांगला केला, पण संगमाचा मोती चुकीच्या जागी व्हता, तो मी सरकवून घेतला."