समुद्राकाठी घर भाड्याने घेताय? आधी कपाटामागे बघा

नागपूरहून इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्रायटन किंवा बोर्नमथला नोकरी लागली की समुद्र दिसणाऱ्या घराचा मोह होतोच. घ्या की, पण हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून. आपण कोरड्या हवेची माणसं. मे महिन्यात कूलर लावून हवा मुद्दाम ओली करतो. तिथे उलट, हवेतली ओल शोषणारं यंत्र घरात ठेवावं लागतं.

घर बघताना कपाट जरा सरकवून मागे बुरशीचे काळे ठिपके आहेत का ते बघा. खिडकीखालचा रंग फुगलाय? बिजागऱ्या गंजल्यात? एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर कारण विचाराच. व्हिडिओ कॉलवर बघत असाल तर एजंटला हे कोपरे दाखवायला लावा. समुद्र तो न सांगताही दाखवेल.

इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत संरक्षित करणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्याचे कागद मागून घ्या. किल्ली हातात आली त्याच दिवशी भिंतीवरच्या प्रत्येक डागाचा फोटो एजंटला ईमेल करा.