आई सोलापुरात, बाबा मुंबईत: मे महिन्याच्या ताब्याचं आधीच ठरवा

विभक्त आई-बाबांमध्ये मूल कधी कुणाकडे राहणार, याच्या हुकूमनाम्यात (कोर्टाच्या आदेशात) नुसतं ‘सुट्टीचा अर्धा काळ’ असेल, तर भांडण ठरलेलंच. कुठला अर्धा? शाळेच्या निकालाचा दिवस कुणाकडे? म्हणून फेब्रुवारीतच शाळेकडून सुट्टीच्या तारखा घ्या. सीबीएसई आणि राज्य मंडळाच्या तारखा जुळतीलच असं नाही.

मग मोघम न लिहिता असं लिहा: ‘५ मे, सकाळी ८, सोलापूर स्टेशन, मुख्य प्रवेशद्वार. परत २६ मे, तिथेच. गाडी चुकली तर दोन तासांत कळवायचं, बुडालेला दिवस शेवटी जोडायचा.’ दुपारची वेळ नकोच. सोलापूरचं ऊन पोराला कशाला? तिकीट कोण काढणार, तेही लिहा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसला जागा मिळणं अवघड. पाच वर्षांपुढच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं. फोनची वेळही ठरवा, रोज रात्री ८ ते ८:१५, आणि तो स्पीकरवर नको.

दोघांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे काय ठरलं ते कोर्टाला कळवणारं लेखी निवेदन, कौटुंबिक न्यायालयात दाखल करा. व्हॉट्सॲपवरची कबुली पुरावा म्हणून चालेल, पण तिच्यावर दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) लावता येत नाही. जमत नसेल तर अर्ज मार्चमध्येच द्या, कारण मे महिन्यात कोर्टालाही सुट्टी असते. इथेच बहुतेकांचं चुकतं.

पोटगी थकली म्हणून मूल अडवू नका, आणि भेट नाकारली म्हणून पोटगीही थांबवू नका. दोन्हींचे अर्ज वेगळे.