देवयानी कशी शोधावी: आधी आकाशात, मग चित्रांत

गावी खळ्यात चटई टाकून आत्याला पहिल्यांदा देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दूरचा समूह) दाखवली, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाटीवरचं ओल्या बोटानं पुसल्यासारखं दिसतंय, तेच का रे?”

“तेच, आत्या.”

“एवढंच?”

हो, एवढंच. मासिकांत छापतात ती निळी-जांभळी भिंगरी मनात धरून आकाशाकडे बघाल तर दीर्घिका समोर असूनही सापडणार नाही. ते फोटो कॅमेऱ्यानं तासन्‌तास उजेड गोळा करून काढलेले असतात. आपल्या डोळ्याला मिळतो तो करड्या रंगाचा लांबट डाग. हे आधीच पक्कं ठाऊक असलं की अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्या कामासाठी एक अंधारी रात्र लागते आणि एक गोष्ट. गोष्ट यासाठी, की या भागातले बहुतेक तारे एकाच कुटुंबातले आहेत आणि कोण कोणाचं हे कळलं की नकाशा पाठ करावा लागत नाही.

रात्र कोणती धरावी

दिवाळीला अमावास्या असते, पण आकाशकंदील, माळा आणि फटाक्यांचा धूर यांत काही दिसत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला तर नकोच. धरायची ती देवदिवाळीच्या आधीची, म्हणजे कार्तिकातली अमावास्या आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस. चंद्र नसतो, पाऊस संपून हवा स्वच्छ झालेली असते, आणि देवयानी जेवणं आटोपायच्या वेळेला माथ्याजवळ येते. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साधारण पावणेदहाला, डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेनऊला आणि डिसेंबरच्या मध्यावर पावणेआठला ती सर्वांत उंच असते. हे मुंबईकडचं गणित झालं. नागपूरकरांनी यातून पंचवीस मिनिटं वजा करावीत.

मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीतून ती साध्या डोळ्यांनी दिसत नाही, तिथे उगाच मान दुखवून घेऊ नये. गाव असेल तर उत्तम. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

सामान थोडंच लागतं: चटई, अंगावर घ्यायला काहीतरी, असल्यास ७×५० किंवा १०×५० चा बायनॉक्युलर, आणि बॅटरीच्या काचेवर लावायला संक्रांतीचा उरलेला लाल पतंगाचा कागद. लाल उजेडानं डोळे फारसे बिघडत नाहीत. मोबाइल मात्र खिशातच राहू द्या. एकदा त्याच्याकडे बघितलं की अंधाराला सरावलेले डोळे गेले, पुन्हा वीस-तीस मिनिटं थांबणं आलं.

डोळे सरावेपर्यंत गोष्ट

ही वीस-तीस मिनिटं वाया घालवायची नाहीत. पाय उत्तरेला आणि डोकं दक्षिणेला करून आडवं व्हावं, म्हणजे उजवा हात पूर्वेला येतो. आता सोबतच्यांना गोष्ट सांगायला घ्या.

ग्रीकांची गोष्ट अशी. इथिओपियाचा राजा सेफियस, त्याची राणी कॅसिओपिया, मुलगी अँड्रोमेडा. आपल्याकडचं रूप सागरकन्यांपेक्षा सरस, अशी बढाई राणीनं मारली. समुद्रदेव पोसायडन भडकला, त्यानं किनाऱ्यावर एक अक्राळविक्राळ जलचर सोडला. कौल मिळाला की मुलीचा बळी द्या. अँड्रोमेडाला समुद्रातल्या खडकाला साखळदंडांनी जखडलं. मेड्युसा राक्षसीचं मुंडकं कापून उडत परतणाऱ्या वीर पर्सियसला ती वरून दिसली. त्यानं जलचराला मारलं, तिला सोडवलं, लग्न केलं. बोलली आई, जखडली मुलगी.

आता आपल्या नकाशांतली नावं बघा. अँड्रोमेडाला आपण देवयानी म्हणतो, कॅसिओपियाला शर्मिष्ठा, पर्सियसला ययाती, सेफियसला वृषपर्वा. आकृत्या ग्रीकांच्याच, त्यांवर माणसं महाभारतातली बसवली. पहिल्यांदा वाटतं, काहीतरी ओढूनताणून जुळवलंय. शर्मिष्ठा काही देवयानीची आई नव्हे आणि वृषपर्वा हा शर्मिष्ठेचा बाप, देवयानीचा नव्हे. पण आदिपर्वातला तो प्रसंग आठवा. जलक्रीडेला गेलेल्या मुलींची काठावरची वस्त्रं वाऱ्यानं एकत्र झाली, शर्मिष्ठेनं चुकून देवयानीचं वस्त्र नेसलं, शब्दाला शब्द वाढला आणि शर्मिष्ठेनं तिला कोरड्या विहिरीत ढकलून दिलं. शिकारीला निघालेला तहानलेला ययाती पाणी शोधत तिथे आला. त्यानं तिचा उजवा हात धरून तिला वर काढलं. पुढे देवयानीनं त्याच हाताची आठवण देऊन त्याला वरलं: ज्यानं एकदा हात धरला, तोच नवरा.

एका बाईच्या अहंकारापायी दुसरी संकटात, आणि वाटेनं जाणारा वीर तिला सोडवून तिचा नवरा होतो. खडकाच्या जागी विहीर आली इतकंच. ज्या कोणी ही नावं बसवली त्याला दोन्ही गोष्टी नीट ठाऊक असणार, असं माझं मत आहे. ययातीनं पुढे काय केलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. पर्सियस त्या मानानं बरा निघाला.

चौकोनापासून सुरुवात

माथ्यावर, जरा पश्चिमेकडे कललेला, चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते. चौकोनाची एकेक बाजू दीड मुठीची आहे. याच्या पश्चिमेकडच्या दोन ताऱ्यांनी पूर्वा भाद्रपदा होते, पूर्वेकडच्या दोघांत उत्तरा भाद्रपदा. ग्रीकांना इथे पंखांचा घोडा दिसला, पेगॅसस, तोही उलटा, पाय वर करून.

आता तुमच्या पायांकडचा, उजव्या हाताचा कोपरा धरा. हा अल्फेरात्झ. अरबी नावाचा अर्थ घोड्याची बेंबी. हेच अँड्रोमेडाचं डोकंही आहे! राजकन्येचं डोकं घोड्याच्या पोटाशी, अशी ती आकाशात आडवी झाली आहे.

या कोपऱ्यापासून उजवीकडे, पायांच्या दिशेनं सरकत जा. दीड मुठीवर एक ठळक, किंचित तांबूस तारा लागतो, तो मिराक. हा तिचा कंबरपट्टा. आणखी सव्वा मुठीवर अल्माक, म्हणजे पाऊल. अल्माकपर्यंत जायचं नाही, कंबरेशीच थांबा. इथेच बहुतेकांची चूक होते, सरळ पुढे निघून जातात.

मिराकपासून वळायचं, शर्मिष्ठेच्या दिशेनं. ती उत्तरेला, तुमच्या पायांच्या वर, इंग्रजी एम अक्षरासारखी उभी असते. त्या दिशेनं जवळपास अर्ध्या मुठीवर एक मध्यम तारा आहे, नकाशात ग्रीक अक्षर म्यू. त्याच रेघेत तेवढंच किंवा जरा कमी पुढे गेलं की दुसरा, आणखी मंद तारा, न्यू. न्यूच्या अगदी शेजारी, करंगळीभर अंतरावर, डावीकडे तो डाग आहे.

चौकोन ढगाआड असेल तर उलट बाजूनं या. शर्मिष्ठेच्या एमला दोन शिखरं आहेत, त्यांतलं डावं जास्त टोकदार. ते टोक बाणासारखं वर दाखवतं, तिथून दीड मुठीवर हाच डाग.

दिसला नाही तर त्याच्याकडे रोखून बघू नका. नजर किंचित बाजूला न्या. डोळ्याचा मधला भाग मंद उजेडात आंधळा असतो, कडेचा भाग तरबेज. आत्याला असाच दिसला, मी ‘जरा न्यूकडे बघ’ म्हणालो तेव्हा.

डागात काय आहे

बायनॉक्युलर लावल्यावर डाग लांबट होतो, मध्ये उजळ, कडांना विरत जाणारा. पूर्ण दीर्घिका आकाशात तीनेक अंश पसरली आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीनं मांडावेत इतकी. आपल्याला दिसतो तो फक्त तिचा गाभा. मोठी दुर्बीण मिळाली तरी कमीत कमी वर्धनाची भिंगं लावा, जास्त मोठं केलं की उजेड पातळ होऊन सगळं हरवतं. दुर्बिणीत शेजारी एक धुरकट ताऱ्यासारखा ठिपका दिसतो, तो एम ३२, देवयानीची सोबतीण दीर्घिका. दुसरी, एम ११०, दिसायला बरीच अवघड.

हा डाग प्रथम लिहून ठेवला तो इराणच्या अब्दुल रहमान अल-सूफीनं, ९६४ साली. त्यानं त्याला लहानसा ढग म्हटलं. १६१२ मध्ये सायमन मारियसनं दुर्बिणीतून बघितलं आणि शिंगाच्या पातळ पापुद्र्याआडून मेणबत्ती दिसावी तसं, असं वर्णन केलं. याहून चांगलं वर्णन मी तरी वाचलेलं नाही. १७६४ मध्ये शार्ल मेसिएनं अशा धूसर डागांच्या आपल्या यादीत ३१ वा क्रमांक दिला, म्हणून एम ३१.

हा ढग आपल्याच आकाशगंगेतला की बाहेरचा, यावर १९२० सालीही जाणकारांत वाद चालू होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीवर एडविन हबलनं काचेच्या पट्टीवर तिचा एक फोटो टिपला. एका ठिपक्यापाशी त्यानं नवतारा म्हणून ‘एन’ लिहिलं होतं. तो नवतारा नसून ठरावीक काळानं तेज बदलणारा तारा आहे हे कळल्यावर ‘एन’ खोडून त्यानं ‘व्हार!’, म्हणजे ‘व्हेरिएबल’, लिहिलं. अशा ताऱ्यांचा काळ आणि खरं तेज यांचं नातं हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली मांडलं होतं, त्यावरून अंतर निघालं: नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. ते कमीच होतं. आजचा आकडा सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. तरी ढग आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेरचा, हे तेवढ्यानंही सिद्ध झालं.

यातली गंमत मी प्रत्येक वेळी सांगतो. त्या जातीच्या ताऱ्यांना सेफाइड म्हणतात, कारण त्यांचा नमुना असलेला तारा सेफियसमध्ये आहे. म्हणजे मुलीचं अंतर बापाच्या नावाच्या ताऱ्यानं मोजलं. तो मूळ तारा, डेल्टा सेफाय, ५ दिवस ९ तासांत मंद-तेजस्वी होतो आणि हे साध्या डोळ्यांनी समजतं. १७८४ मध्ये ते जॉन गुडरिकनं टिपलं. हा मुलगा ठार बहिरा होता आणि पुढे २१ व्या वर्षीच गेला. त्याआधी त्यानं ययातीतल्या अल्गॉलचं कोडं सोडवलं होतं. अल्गॉल म्हणजे पर्सियसच्या हातातलं मेड्युसाचं मुंडकं. दर २ दिवस २१ तासांनी तो काही तासांसाठी एक-तृतीयांश तेजावर येतो, कारण मंद जोडीदार त्याला झाकतो. देवयानी सापडल्यावर पूर्वेकडे वळून त्याच्यावरही नजर ठेवा.

दुसऱ्या दिवशी, चित्रांत

चित्रं बघायला रात्र लागत नाही, मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती मोठी करून बघता येतात. पण आकाशासारखंच इथेही कुठून सुरुवात करायची ते ठरवावं. मी हातांपासून करतो.

बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला कोरिंथचा एक कुंभ आहे. त्यावर पर्सियस जलचराला चक्क दगड मारतोय. मागे अँड्रोमेडा उभी, आणि कोण कोण आहे ते शेजारी लिहिलेलं. खेड्यातलं भांडण वाटावं इतकं साधं चित्र. पाँपेईच्या भिंतीवरचं चित्र, जे आता नेपल्सला आहे, त्यात लढाई संपलेली आहे. पर्सियस तिच्या हाताला आधार देऊन तिला खडकावरून खाली उतरवतो. इथे मला विहिरीतली देवयानी हटकून आठवते.

टिशियननं याच गोष्टीचं चित्र १५५४ ते १५५६ च्या सुमारास स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी काढलं, ते लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. डावीकडे जखडलेली ती, उजवीकडे वरून डोकं खाली करून कोसळावा तसा पर्सियस. त्याच्याखाली घोडा नाही, तो पंखांच्या पादत्राणांवर उडतोय. रोमन कवी ओव्हिडनं तसंच लिहिलं होतं. रुबेन्सच्या १६२२ च्या सुमाराच्या चित्रात मात्र पेगॅसस शेजारी उभा आहे. तेव्हा दुसरी खूण वाहनाची: चपला की घोडा, बघा. आकाशात घोडा तिच्या डोक्याला चिकटलेला असल्यानं रुबेन्सला दोष द्यायला माझं मन धजत नाही.

तिसरी खूण रंगाची. ओव्हिड एके ठिकाणी म्हणतो, केस वाऱ्यानं हलले नसते आणि डोळ्यांतून पाणी वाहत नसतं, तर पर्सियसला ती संगमरवरी मूर्तीच वाटली असती. चित्रकारांनी संगमरवर तेवढा उचलला आणि तिला पांढरीफटक रंगवली. पण ती इथिओपियाची राजकन्या, आणि तिचा वर्ण सावळा असल्याचं याच ओव्हिडनं इतरत्र लिहिलं आहे. युरोपातल्या दालनांमधून ती सावळी मुलगी जवळजवळ नाहीशीच झाली.

शेवटी रेम्ब्रांट. १६३० च्या सुमारास त्यानं लाकडी फळीवर तिला रंगवलं, ती हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे. जेमतेम ३४ गुणिले २५ सेंटीमीटर, ए-फोर कागदाहून थोडीच मोठी, म्हणून घरच्या प्रिंटरवर छापलीत तरी जवळपास खऱ्या आकारात बघता येते. यात वीर नाही, घोडा नाही, जलचरही नाही. हात वर बांधलेली, भेदरलेली एक साधी मुलगी आहे. ती मान वळवून उजवीकडे, चौकटीच्या बाहेर बघते. तिकडे काय आहे ते रेम्ब्रांटनं काढलेलं नाही.