लागोपाठ तीन मॅरेथॉन : बॅग भरताना

पहिल्या दिवशी गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, दुसऱ्या दिवशी फेरीने जयगडला उतरून गणपतीपुळे, आरे-वारेवरून रत्नागिरीकडे, तिसऱ्या दिवशी पावस-पूर्णगड. जिथं ४२.१९५ किलोमीटर भरत नाही तिथं गावातच फेऱ्या मारायच्या, लोक हसतात, हसू देत.

आधी एक सांगतो, दुसऱ्या दिवशीचा थकवा पहिल्या दिवशी दुपारी ठरतो. गेल्या वेळी मी पहिला दिवस मस्त दामटला, मग फोटोबिटो, आंघोळ, झोप, जेवलो थेट चार वाजता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जांभ्याच्या पाच पायऱ्या उलटा, कठडा धरून उतरलो, घरमालकीण काकू म्हणाल्या, अरे पळायला आलायस की नवस फेडायला?

त्यामुळे बॅगेत पहिला नंबर खाण्याचा. पायातला ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेलं इंधन, परत भरायला चोवीस तास तरी लागतात आणि आपल्याकडे तेवढे नसतात, म्हणून ६० किलोच्या माणसाने पळणं संपल्यावर पहिले तीन-चार तास दर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्ब्स पोटात ढकलायचे, भूक नसली तरी. उकड्या तांदळाची पेज थर्मासमध्ये भरून घ्या, मीठ जरा जास्त, सोबत केळी आणि आंबापोळी. पळताना खायचे एनर्जी जेल महाग पडतात, आणि तिसऱ्या दिवशी तो गोडवा नकोच वाटतो.

ओआरएसची पाकिटं रोजची चार धरा, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अंदाजे ओतू नका. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, नुसता गळतो, अंग थंड होत नाही. पण घाबरून नुसतं पाणी ढोसणं त्याहून वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं. वजनकाटा घ्या, छोटा असला तरी चालेल, आधी आणि नंतर उभं राहायचं, वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. कोकम सरबत मीठ-जिरं घालून, सोलकढी मात्र रात्री.

शूज दोन जोड. ओल्यात रद्दी पेपर कोंबून पडवीत ठेवा, तासाभराने पेपर बदला, नाहीतर सकाळी ते थंडगार ओलं चामट पायात घालताना अर्धा उत्साह तिथंच जातो. मोजे तीन, व्हॅसलीन, नखं आदल्या आठवड्यातच कापलेली.

पेनकिलर पळताना नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन किडनीला महागात पडू शकतं. लघवी कोकाकोलासारखी झाली तर विषय संपला, थेट हॉस्पिटल. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर तो थकवा, दहा मिनिटं चाला, सैल होतात, एकाच जागी टोचत असेल आणि चाल बदलली असेल तर बसा सोबतच्या सपोर्ट गाडीत. ग्रुपवर कुणीतरी टेरी फॉक्सचा, कॅन्सरने पाय गेलेल्या त्या कॅनडाच्या पोराचा, फोटो टाकणारच, १९८०मध्ये तो एका कृत्रिम पायावर १४३ दिवस पळाला हे खरंच, पण ते तुमच्या सुजलेल्या घोट्याला लागू करू नका.

पेस, म्हणजे पळायचा वेग, नेहमीपेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर तरी हळू, तेही पहिल्याच दिवसापासून. प्रत्येक खाडीला उतार आणि मग चढ आहेच, चढ सरळ चालायचे, लाज नाही. मन कंटाळलं की पुढचा साकव, पुढची वाडी, एवढंच बघायचं.

सकाळी पाचला निघायचं म्हणून हेडलॅम्प, आणि कुत्र्यांसाठी काठी सपोर्ट गाडीत. फेरीची वेळ आदल्या दिवशी जेट्टीवरच विचारून ठेवा आणि सुट्टे पैसे घ्या.