धरणांचा नकाशा करताय? या चुका टाळा

पावसाळ्यात बडोद्यात घरोघरी एकच चौकशी: आजवा जलाशयाची पातळी किती? २११ फूट म्हटलं की विश्वामित्री नदीकाठचे लोक सामान माळ्यावर चढवू लागतात. हा आकडा पाण्याच्या पातळीचा, तोही समुद्रसपाटीपासूनचा. आमच्या गटातल्या एकाने तो 'उंची'च्या रकान्यात भरला आणि सयाजीराव महाराजांच्या काळातलं मातीचं धरण यादीत ६४ मीटर उंच झालं!

नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बाबतीतही हीच गल्लत होते. १३८.६८ मीटर ही जलाशय पूर्ण भरल्यावरची पातळी. सर्वांत खोल पायापासून धरणाची उंची १६३ मीटर. जगभरच्या नोंदींत पायापासून १५ मीटर उंचीचं धरण 'मोठं' धरतात. त्याहून कमी, पण ५ मीटरच्या वर असेल, तर साठा ३० लाख घनमीटरपेक्षा जास्त हवा. म्हणून पातळी आणि उंची यांचे रकाने वेगळेच ठेवा.

धरणाची जागा दाखवणारा ठिपका निळ्या पाण्याच्या मधोमध टाकू नका. भिंत स्पष्ट दिसेपर्यंत उपग्रहचित्र मोठं करा आणि नदी भिंतीला छेदते तिथेच टाका. ठिपका प्रवाहाच्या रेषेवरून जरा सरकला, की सरदार सरोवराच्या सुमारे ८८ हजार चौरस किलोमीटर पाणलोटाऐवजी संगणक शेजारच्या ओहोळाचं क्षेत्र मोजून देतो.

एकाच तारखेच्या चित्रावरून जलाशयाचा काठ आखू नका. मे महिन्यात पाणी आटून उघडी पडलेली जमीन ऑक्टोबरात पुन्हा पाण्याखाली असते. ऐन पावसाळ्यातली चित्रं टाळा, ढगांची सावलीही पाण्यासारखीच दिसते. नावंही तपासा: आजवा आणि सयाजी सरोवर एकच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धरणाचे परिणाम जलाशयाच्या काठापाशी संपले असं मानणं. सरदार सरोवराच्या खाली भरूचपर्यंत जा. नदीचं गोडं पाणी कमी झालं की भरतीचं खारं पाणी आत शिरतं, आणि अंडी घालायला समुद्रातून वर येणाऱ्या हिलसा माशाची वाट अडते. वरच्या बाजूला नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली मणिबेलीसह ३३ गावं बाधित झाली. तिथले बुडालेले पाडे आजच्या उपग्रहचित्रात सापडणार नाहीत. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे धरणापूर्वीचे नकाशे मिळवा आणि एकेका पाड्याचं नाव त्यावरून उतरवून घ्या.