सात मेनू आणि एकही फोटो आपला नाही: फोटोग्राफीची वेबसाइट करताना या चुका टाळा

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत बरेच दिवस कामं नव्हती, तेव्हा मी माझी पहिली वेबसाइट केली. मेनूत सात नोंदी: वेडिंग, प्री-वेडिंग, बेबी, प्रॉडक्ट, वाइल्डलाइफ, लँडस्केप, स्ट्रीट. पहिल्या पानावर पाच फोटोंचा स्लायडर, त्यातला पहिला सूर्यास्ताचा, कृष्णेवरचा आयर्विन पूल. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांना कॅटलॉगसाठी फोटो हवे होते. त्यांनी माझ्यासमोरच मोबाइलवर साइट उघडली, अंगठ्यानं दोनदा वर-खाली केली आणि विचारलं, “हे सगळे तुम्हीच काढलेत, का गुगलवरनं घेतलेत?”

सगळे मीच काढले होते. पण प्रश्न चुकीचा नव्हता. सात वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखे दिसत होते.

थीम आधी, फोटो नंतर

बहुतेकांची पहिली चूक हीच. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस टाकायचं, एक काळी झकपक थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, विकत घ्यायची आणि मग तिच्या चौकटीत बसणारे फोटो शोधत बसायचं. माझ्या थीमच्या डेमोत बर्फाळ डोंगरांचे लांबरुंद आडवे फोटो होते; माझ्याकडचे निम्मे उभे. थीम त्यांना मधोमध चौकोनी कापायची. एका नवरीचं डोकं वरच राहिलं आणि गॅलरीत नुसता शालू दिसायला लागला.

आधी पंचवीसेक फोटो निवडा, त्यात उभे किती, आडवे किती ते मोजा, आणि मूळ आकार न कापणारी साधी थीम घ्या. फुकटातलीही चालते.

येतं ते सगळं पाटीवर लिहिणं

सांगलीसारख्या गावात एकाच प्रकारच्या कामावर घर चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, शाळेचं गॅदरिंग, सगळं करतो. पण करतो ते सगळं साइटवर हवंच कशाला? भडंगाच्या दुकानात चिवडाही मिळतो, शेवही मिळते. पाटीवर भडंगच असतं.

विकतचा रंग

शैली म्हणजे प्रीसेट, एका क्लिकवर फोटोला लागणारा तयार रंग, हा समज माझाही होता. त्या वर्षी टील-ऑरेंजची साथ होती: सावल्या निळसर-हिरव्या, कातडी नारिंगी. मीही एक संच विकत घेतला आणि लग्नापासून त्या व्यापाऱ्यांच्या हळदीपर्यंत सगळ्यांना तोच लावला. हळदीचे नमुने पाठवल्यावर व्यापाऱ्यांचा फोन आला. “अहो, ह्या रंगाची हळद आली तर आम्ही गाडी परत पाठवतो.”

त्यांच्या धंद्यात रंगावर भाव ठरतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि मी तिला विटेचा रंग देऊन बसलो होतो. प्रीसेट पिवळ्याला नारिंगीकडं सरकवत होता, बाकी काही नाही. तो काढून टाकला तर दुसरीच अडचण उभी राहिली, आणि खरं शिक्षण तिथं सुरू झालं.

हळदीनं भरलेल्या गोदामात कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दाखवायची आपोआप सोय, फसतो. चौकटभर पिवळं दिसलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, म्हणून तो सगळं निळ्याकडं ओढतो. हळकुंडं फिकी पडतात आणि पांढरा सदरा निळसर दिसतो. त्यावर उपाय साधा आहे. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, दारातून येणाऱ्या उजेडात राखाडी कार्ड धरून एक फोटो घ्या आणि बाकी सगळ्यांचा व्हाइट बॅलन्स त्यावरून ठरवा. दिवस उतरला की कार्ड पुन्हा धरा.

दुसरी अडचण फोटो निर्यात करताना, म्हणजे साइटसाठी जेपीईजी फाइल बनवताना येते. हळदीचा भडक पिवळा एसआरजीबीच्या, म्हणजे वेबवर चालणाऱ्या ठरावीक रंगांच्या, हद्दीबाहेर जातो. लाल, हिरवा, निळा या तीन चॅनल्सपैकी निळं शून्याला टेकतं, लाल २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन अडकतं, आणि हळकुंडावरच्या रेघा, गाठी, मातीचे कण जाऊन तिथं नुसता पिवळा डाग उरतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोच्या आलेखात, तिन्ही रंगांची चॅनल्स वेगळी बघा. फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफिंग (निर्यातीनंतरचे रंग आधीच दाखवायची सोय) चालू करून एसआरजीबी निवडलं की हद्दीबाहेर गेलेला भाग खुणेनं दिसतो. मग फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) आणि थोडं ल्युमिनन्स (उजळपणा) खाली आणा, गाठी परत दिसेपर्यंत. सगळ्या फोटोचं सॅच्युरेशन कमी केलंत तर माणसं आजारी दिसतील.

हे महिनाभर करत असताना एक गोष्ट नकळत झाली. पिवळा जिवंत ठेवायचा तर बाकीच्या रंगांना गप्प बसवावं लागत होतं. मग मी उभं राहायची जागाच बदलली: मागे निळी ताडपत्री नको, लाल क्रेट नको, उजेड एकाच दारातून. त्यानंतरचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर एकाच घरातले वाटायला लागले. प्रीसेटनं जे जमलं नव्हतं ते एका व्यापाऱ्याच्या तक्रारीनं झालं.

शैली स्क्रीनवर शोधणं

स्क्रीनवर एकेक फोटो बघून काही कळत नाही, कारण प्रत्येक फोटो आपलाच असल्यामुळं बरा वाटतो. मी दोनशे फोटो चार बाय सहाच्या आकारात छापून आणले आणि जेवणखोलीत जमिनीवर पसरले. खर्च झाला, पण तेवढ्याला दुसरी एक थीम आली असती. लग्नं एकीकडं, हळद एकीकडं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एकीकडं असे ढीग लावत होतो. आई चहा घेऊन आली, कडेनं चालत चालत बघितलं आणि म्हणाली, “माणसांची तोंडं कुठं गेली रे? नुसते हातच की सगळीकडं.”

तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मिरजेच्या गल्लीत पंढरपूरकडच्या भोपळ्यांच्या राशी, रंगवलेल्या दांड्या, भिंतीवर टांगलेल्या सतारी, काय नाही तिथं! पण माझ्या फोटोंत होती ती जवारी काढणाऱ्या, म्हणजे घोडी घासून सतारीचा नाद जुळवणाऱ्या कारागिराची बोटं: घोडीवर कानस अलगद फिरवायची, तार छेडून ऐकायचं, परत फिरवायची. लग्नाच्या ढिगातसुद्धा मुंडावळ्यांपेक्षा मेंदी लावणारीचा हात होता, पंगतीत वाढणाऱ्याचं मनगट होतं. विषयानुसार लावलेले ढीग मोडले आणि नव्यानं लावले: हात, दारातला उजेड, धूळ. चौथा ढीग ‘कशातच बसत नाही’ असा होता आणि तोच सगळ्यात मोठा होता. तो साइटवरून गेला. त्यात वाइल्डलाइफचा अख्खा मेनू होता. सागरेश्वर अभयारण्यात पहाटे जाऊन काढलेली हरणं होती ती, वाईट वाटलं.

तुम्हीही हे करून बघा, आणि ढीग लावताना घरातल्या फोटोग्राफी न कळणाऱ्या माणसाला बोलवा. सोबत लाइटरूमच्या लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये आवडत्या फोटोंची लेन्स बघा. मी भारीतली टेली झूम हप्त्यानं घेतली होती. ठेवलेल्या बहुतेक फोटोंवर नाव निघालं जुन्या ३५ मिमीचं. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्टिए-ब्रेसाँनी बरंचसं काम एकाच ५० मिमी लेन्सवर केलं, तिथं आपण चार लेन्सांची पिशवी कशाला वागवायची?

सगळ्यांकडं असलेला फोटो

१९२९ सालचा आयर्विन पूल आणि मागे मावळता सूर्य हा फोटो सांगलीत कुणाकडं नाही? तसंच सप्टेंबरातलं फुलांचं कास पठार. हे फोटो काढू नका असं नाही, मीही दरवर्षी जातो. साइटच्या तोंडावर मात्र टाकू नका. पावसाळ्यात इथला माणूस सूर्यास्त बघायला पुलाशी जात नाही. “आयर्विनला किती फूट?” हे विचारत जातो, म्हणजे नदीचं पाणी किती चढलं, कारण ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे त्याला पाठ असतं. कठड्याला धरून वाकलेली, फुटांचे आकडे वाचणारी माणसं माझ्याकडं आहेत. साइटवर आता तोच पूल आहे, सूर्याशिवाय.

साइट अडकते, रंग उडतात

आता यंत्राच्या तक्रारी. साइट उघडायला वेळ लागत असेल तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: कॅमेऱ्यातली दहा एमबीची फाइल तशीच चढवलेली असते. लांब बाजू २००० पिक्सेल, जेपीईजीची क्वालिटी ८० च्या आसपास ठेवा, फाइल बरीच हलकी होते. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान करून दाखवतं, पण मूळ फाइल होस्टिंगवर जागा अडवून बसते ती बसतेच. गुगलच्या मोजणीत पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा; पाच फोटोंच्या स्लायडरला ते सहसा झेपत नाही. एकच फोटो ठेवा.

लॅपटॉपवर झकास आणि ग्राहकाच्या फोनवर विटलेले रंग? फाइल अॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या हद्दीत निर्यात झाली असेल, वर फोटो हलके करणाऱ्या प्लगइननं रंगांचं प्रोफाइलही काढून टाकलं असेल. एसआरजीबीत करा आणि पुन्हा चढवा.

मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद असू शकते. निर्यात करताना ती काढून टाका, लहान मुलांच्या घरगुती फोटोंतून तर नक्कीच. लग्नाचे फोटो टाकण्याआधी दोन्हीकडच्यांना विचारा. मी कारागिरांनाही विचारतो, नुसते हात असले तरी. आणि फोटोच्या मधोमध आडवा वॉटरमार्क टाकून स्वतःच्याच कामावर फुली मारू नका.

‘माझ्याविषयी’चं पान

पहिल्या साइटवर मी इंग्रजीत लिहिलं होतं की मी क्षण आणि भावना टिपतो. सगळेच टिपतात. आता तिथं एवढंच आहे: “मी सांगलीत राहतो. हळद, बेदाणा, सतार अशा कामांचे आणि ती करणाऱ्या हातांचे फोटो काढतो. लग्नंही करतो, त्याचे नमुने मागितल्यावर पाठवतो.” खाली फोन नंबर. हा नंबर बोट लावल्यावर लागायला हवा. माझ्या जुन्या साइटवर तो सुंदर अक्षरांत, पण फोटोच्या आत होता, आणि वर्षभर एकही फोन का येत नाही याचा मी विचार करत होतो.